फोटो डिलीट करण्याआधी आदेश मागा

छायाचित्रकार मित्रमैत्रिणींनो आणि मोबाईलवर फोटो काढणाऱ्या सर्व नागरिकांनो,

पदपथावर, बाजारात, चौपाटीवर किंवा नदीच्या घाटावर उभे राहून तुम्ही फोटो काढत आहात आणि गणवेशातले कोणी येऊन ‘डिलीट करा’ म्हणाले, तर कृपा करून लगेच डिलीट करू नका. शांतपणे विचारा, मनाईचा आदेश कोणाचा आहे आणि तो कुठे लावला आहे? ही एक सवय आपण सगळ्यांनी मिळून लावून घ्यावी, यासाठी हे आवाहन आहे.

वेळ थोडा आहे. गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला. आगमनाच्या मिरवणुकांपासून अनंत चतुर्दशीपर्यंत राज्यभर माणसे कॅमेरे आणि मोबाईल घेऊन रस्त्यावर असतील आणि बंदोबस्तही त्याच दिवसांत सर्वांत कडक असेल. खटके तेव्हाच उडतात. पोलीस दोन दोन दिवस झोपलेले नसतात, मंडळाचे कार्यकर्ते ताणात असतात, आणि हातातला कॅमेरा डोळ्यांत खुपतो. त्या गर्दीत उभे राहून कायद्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मनाईचे आदेश आधीच माहिती अधिकारात मागवून ठेवायला हवेत, आणि त्या अर्जाला उत्तर देण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. म्हणजे जे विचारायचे ते याच आठवड्यात विचारावे लागेल.

मी हौशी मुलामुलींना छायाचित्रण शिकवते. रविवारी सकाळी आम्ही गिरणगावात फिरतो. लोअर परळला एका काचेच्या टॉवरसमोर आमच्यातली एक विद्यार्थिनी पदपथावरून मागच्या जुन्या गिरणीच्या चिमणीचा फोटो घेत होती. तिचे आजोबा त्या गिरणीत साच्यावर होते, म्हणून ती चिमणी तिला हवी होती. टॉवरचा रक्षक वॉकीटॉकीवर बोलत आला. ‘मॅडम, इधर फोटो अलाउड नहीं है.’ ती म्हणाली, मी रस्त्यावर उभी आहे. त्याने फोन तिच्या हातातून काढून घेतला, अंगठ्याने एकेक फोटो पुसत मागे गेला, आणि पुसलेले फोटो महिनाभर ज्या कप्प्यात पडून राहतात तोही उघडून रिकामा केला. हे त्याला कोणीतरी शिकवले होते. त्या घाईत आदल्या दिवशीच्या बारशाचे फोटोही गेले. भोवती दहाबारा माणसे उभी होती, वडापावच्या गाडीवाल्यासकट. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मुलगी पुढचे कित्येक रविवार आलीच नाही.

त्या रक्षकावर माझा रोख नाही. बारा बारा तासांची पाळी, पगार कंत्राटदाराच्या हातात आणि वरून सुपरवायझरची बोलणी, अशी त्याची नोकरी. त्याला ‘कॅमेरा दिसला की अडवा’ एवढेच सांगितलेले असते. रोख आहे तो हे सांगणाऱ्यांवर. टॉवरच्या व्यवस्थापनाला समोरच्या पदपथावर हुकूम चालवण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. पदपथ महापालिकेचा आहे.

सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्या देशात नाही. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि त्याला मर्यादा घालायची तर ती कायद्याने घालावी लागते, तोंडी दमदाटीने घालता येत नाही. खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार रक्षकाकडे फोटोसह ओळखपत्र असलेच पाहिजे. तुमचा फोन हिसकावण्याचा, तपासण्याचा किंवा त्यातले काही पुसण्याचा अधिकार तो कायदा त्याला देत नाही. रस्त्यावर वाट अडवून धरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान मात्र वेगळे, त्यांचे दल २०१० च्या राज्य कायद्याने उभे राहिले आहे. म्हणून समोरचा माणूस नेमका कोण आहे, हे आधी विचारून घ्या.

मॉल, हॉटेल, खासगी संकुल यांच्या आत मालकाचा नियम चालतो. तिथे ‘फोटो नको’ म्हटले तर थांबा, ‘बाहेर जा’ म्हटले तर बाहेर जा. पण आतही कॅमेऱ्याला हात लावण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. आणि बाहेर रस्त्यावरून इमारतीचा दर्शनी भाग टिपायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचीच मुभा आहे. कलम ५२ प्रमाणे वास्तूचा फोटो काढणे आणि तो छापणे यात हक्कभंग होत नाही. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पालाही हेच लागू आहे. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या प्रतिमेची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी केली. तेव्हापासून अनेकांना वाटते की ताजचा फोटोच काढता येत नाही. ट्रेडमार्कचा संबंध ती प्रतिमा धंद्यासाठी वापरण्याशी आहे. गेटवेवर उभे राहून आईवडिलांचा ताजसमोर फोटो घेणाऱ्याला त्याची काही अडचण नाही.

‘सुरक्षेचा प्रश्न आहे’ म्हटले की आपण मान खाली घालतो. इथे जरा थांबून बघा. ज्या कायद्याची भीती दाखवली जाते तो शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्यात ‘निषिद्ध ठिकाण’ म्हणजे काय हे लिहिलेले आहे. लष्कर, नौदल, हवाई दलाची ठाणी, दारूगोळ्याचे कारखाने वगैरे त्यात सरळच येतात. त्यापलीकडची रेल्वे, रस्ता, वीजकेंद्र असली जागा निषिद्ध करायची असेल, तर केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि तिची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावावी लागते. स्थानिक भाषा म्हणजे आपल्याकडे मराठी. परक्या राजवटीने आपल्या गुपितांसाठी केलेल्या कायद्यातसुद्धा लोकांना त्यांच्या भाषेत लेखी सांगण्याची अट आहे. मग आजच्या कोणत्याही कार्यालयाने नुसता कॅमेऱ्यावर फुली मारलेला फलक टांगून, खाली ना आदेशाचा क्रमांक ना सही, आपल्याला का परतवून लावावे?

न्यायालयानेही हे तपासले आहे. वर्ध्याच्या एका पोलीस ठाण्यात २०१८ मध्ये मोबाईलवर चित्रीकरण केल्याबद्दल एका नागरिकावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणे या कायद्यातल्या निषिद्ध ठिकाणाच्या व्याख्येत येत नाही, असे खंडपीठाने म्हटले. पोलीस ठाण्याच्या आत जर हा कायदा लागत नसेल, तर पोलीस चौकीसमोरच्या रस्त्याला तो कसा लागेल? ही गोष्ट पाठ करून ठेवा.

मर्यादा नाहीत असे मी मुळीच म्हणत नाही. नौदलाच्या गोदीकडे, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राकडे, छावणीतल्या लष्करी इमारतींकडे कॅमेरा रोखू नका. पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी हे संरक्षण दलांचे विमानतळ आहेत, तिथे विमानाच्या खिडकीतून धावपट्टीचे व्हिडिओ काढू नका. ड्रोनचे नियम पूर्ण निराळे आहेत आणि मुंबईत त्यांच्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश निघतात. लग्नाआधीचे शूटिंग, जाहिरात, मोठा ट्रायपॉड, दिवे, रस्त्याचा काही भाग अडवणे, यासाठी परवानगी घ्यावीच लागते. ती घ्या.

खरा आदेश कसा असतो तेही पाहून ठेवा. अलीकडच्या काही गणेशोत्सवांत मुंबई पोलिसांनी विसर्जनानंतरच्या, पाण्यात अर्धवट राहिलेल्या मूर्तींचे फोटो काढायला आणि पसरवायला मनाई करणारे आदेश काढले आहेत. ते पूर्वीच्या कलम १४४, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १६३ खाली निघतात. मला ते आदेश पटत नाहीत. प्लास्टर ऑफ पॅरिसचे काय होते हे किनाऱ्यावर दिसते आणि ते लोकांनी बघायला हवे. पण त्या कागदावर कलम असते, मुदत असते, सही असते. त्यामुळे तो वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो, न्यायालयात आव्हान देता येते. पाळायचा असेल तर नेमके काय पाळायचे हेही कळते. बाकीच्या मनाया अशाच लेखी असाव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ मध्ये काय केले ते आठवा. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांत फोटोंना मोकळीक दिली आणि अपवाद तीनच ठेवले: अजिंठ्याची भित्तिचित्रे, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली मुख्य कबर. अपवाद नावानिशी सांगितले की पाहुण्यालाही कळते आणि पहारेकऱ्यालाही. २०२५ च्या जुलैत आपले अकरा किल्ले जिंजीसह जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या किल्ल्यांवर येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. तिथल्या फलकांवरही काय चालते आणि काय नाही ते याच स्पष्टपणे लिहिलेले असावे.

२६/११ नंतर संशय वाढला, हे खरे आहे आणि त्यामागचे दुःख मुंबईकर म्हणून माझेही आहे. म्हणूनच मला त्या रात्रीची आठवण करून द्यायची आहे. ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकर हे दोन छायाचित्रकार गोळीबार ऐकून सीएसटीकडे धावले. पाठीवर पिशवी आणि हातात बंदूक घेऊन चालणाऱ्या कसाबचा डिसूझांनी घेतलेला फोटो जगाने पाहिला. दोघांनी पुढे विशेष न्यायालयात साक्ष दिली आणि त्यांचे फोटो पुराव्यात आले. या शहराच्या सुरक्षेला कॅमेऱ्याने जे दिले आहे ते असे आहे. कॅमेरा दिसताच संशयित ठरवण्याआधी बंदोबस्तावरच्या प्रत्येकाने हा खटला आठवावा.

आता आपल्याबद्दल. हक्क मागणाऱ्याने आपले वागणेही तपासून घ्यायला हवे. नळावर भांडी घासणारी बाई, फलाटावर झोपलेले कुटुंब, समुद्रात भिजलेल्या मुली हा कोणाच्या फोटोंच्या स्पर्धेचा माल नाही. नको म्हटले की कॅमेरा खाली घ्या. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका. एखाद्या स्त्रीचा खासगी क्षण चोरून टिपणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहा. त्यातला माणूस कॅमेऱ्याकडे अपमानित होऊन बघत नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या अशा फोटोला ‘इथे काढू नका’ म्हणणारे पुष्कळ निघतील, आणि प्रत्येक वेळी आपण मुकाट्याने पुसत गेलो तर शहराचा तो भाग कुठेच नोंदला जाणार नाही.

खेड्यात जाणाऱ्यांना वेगळे सांगायचे आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. अनोळखी माणूस, हातात कॅमेरा आणि समोर शाळेतली मुले, हे चित्र कोणत्या दिवशी कसे वाचले जाईल सांगता येत नाही. आधी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटा, नाव सांगा, चहा घ्या, मग फिरा. जमाव जमला तर हक्काची भाषा बोलू नका, ११२ ला फोन लावा आणि तिथून निघा.

आणि मुलींनो, एकट्यादुकट्या असताना कोणी ‘परवानगी आहे का, साहेबांकडे चला’ म्हणाले तर आडबाजूला पाऊल टाकू नका. २०१३ मध्ये शक्ती मिलमध्ये कामावर असलेल्या तरुण छायाचित्रकारावर अत्याचार करणाऱ्यांनी सुरुवात परवानगीचा विषय काढूनच केली होती. ओळखपत्र बघितल्याशिवाय कोणाबरोबरही जायचे नाही. वर्दळीच्या जागी येऊन उभे राहा आणि तिथे बोला.

प्रसंग आलाच तर आवाज चढवू नका, अंगाला हात लावू नका, पळू नका. सरकारी कर्मचाऱ्याला धक्का लागला की तुमची बाजू तिथेच संपते. नाव आणि हुद्दा विचारा. मोबाईल पोलिसाने मागितला, तर कोणत्या गुन्ह्यात जप्त करताय हे विचारा आणि जप्तीचा पंचनामा मागा. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. जप्त केलेल्या वस्तूची माहिती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. फोटो पुसायला लावणे यात कुठेच बसत नाही. फोटो गुन्ह्याचा असेल तर तो पुरावा आहे आणि पुरावा नष्ट करता येत नाही. गुन्ह्याचा नसेल तर तो तुमचा आहे. हे वाक्य नम्रपणे, साहेब म्हणून, पण पूर्ण म्हणा. अटक करायचीच म्हटली तर कारण सांगितले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मोफत आहे, क्रमांक १५१००.

जबरदस्तीने फोटो पुसले गेलेच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही, त्याची जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते. नवा फोटो त्या जागेवर बसला की जुना गेला. कार्ड बाहेर काढा, बाजूला ठेवा, घरी जाऊन रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरवर चालवा. बहुतेक वेळा पुष्कळ परत मिळते. मोबाईलच्या आतल्या मेमरीचा मात्र असा भरवसा नाही, म्हणून फिरायला निघताना फोटो आपोआप दुसरीकडे साठवण्याची सोय चालू ठेवा. त्याच संध्याकाळी वेळ, जागा, माणसाचे वर्णन आणि साक्षीदारांची नावे लिहून काढा. तक्रार देताना हे कागदच उभे राहतात.

बघ्यांना माझी सर्वांत कळकळीची विनंती आहे. परळच्या त्या सकाळी वडापावच्या गाडीवरचा एक जरी माणूस ‘काय झालं दादा, का अडवताय तिला?’ एवढे म्हणाला असता तरी फोन परत मिळाला असता, असे मला आजही वाटते. भांडू नका. फक्त जवळ जाऊन उभे राहा, काय चालले आहे ते विचारा, नंतर आपले नाव आणि नंबर त्या व्यक्तीला द्या. वार्ताहरांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा संरक्षण कायदा आहे. रस्त्यावरच्या साध्या माणसामागे तसा कायदा नाही, त्याच्यामागे बाजूला उभी असलेली माणसे असतात.

आपण एकत्र आलो तर बदल होतो, हे लंडनमध्ये दिसले. तिथे दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली छायाचित्रकारांना संशयाच्या कारणाशिवाय अडवून तपासले जात असे. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या अधिकाराविरुद्ध निकाल दिला. त्याच महिन्यात ट्रॅफल्गार चौकात शेकडो छायाचित्रकार आपापले कॅमेरे घेऊन जमले. जुलैमध्ये गृहमंत्र्यांनी माणसांना असे अडवणे थांबवत असल्याचे संसदेत जाहीर केले.

पोलीस आयुक्तांनी आणि जिल्ह्यांच्या अधीक्षकांनी उत्सवाआधी एक परिपत्रक काढावे: लेखी आदेशाशिवाय फोटोला मनाई नाही, फोटो पुसायला लावायचे नाहीत, जप्ती केली तर पंचनामा करायचा. टॉवर आणि मॉलच्या व्यवस्थापकांनी आपल्या रक्षकांना हद्द कुठे संपते ते जागेवर नेऊन दाखवावे. कॅमेरा क्लब, कला महाविद्यालये, लग्नाचे फोटो काढणारे व्यावसायिक यांनी हे पत्रक आपल्या गटात वाचून चर्चा करावी.

आणि तुम्ही प्रत्येकाने एक अर्ज करावा. तुमच्या गावातला, तुमच्या वाटेवरचा ‘फोटो काढण्यास मनाई’ असा एक सरकारी फलक निवडा. त्याचा फोटो घ्या. मग अर्जात विचारा: हा फलक कोणत्या आदेशाने लावला, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने, कधीपासून आणि कोणत्या मुदतीसाठी, आदेशाची प्रत द्यावी. राज्य सरकारच्या किंवा पालिकेच्या कार्यालयासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, एकच विषय ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा. रेल्वे, बंदर, पुरातत्त्व यांच्यासाठी केंद्राकडे अर्ज करा. खासगी टॉवरसमोर अडवले असेल तर पालिकेच्या विभाग कार्यालयाला विचारा, हा पदपथ कोणाला दिला आहे का. उत्तर आले की त्याची छापील प्रत कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा आणि दुसरी तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. अर्ज या शुक्रवारपर्यंत टाका, म्हणजे आगमनाच्या मिरवणुका सुरू होण्याआधी उत्तर हातात असेल.